मुंगळ्याच्या नाकावर टिच्चून

२ फेब्रुवारी

कुलूप लागलं. आता येऊ दे कोण येतंय ते.

ठेंगू, म्हणजे टीव्हीला जोडायचा आमचा छोटा संगणक, खेळ कॅसेटवरून वाचतो. टेपरेकॉर्डर किंचाळतो, ठेंगू ते ऐकतो आणि थोड्या वेळाने टीव्हीवर खेळ उभा राहतो. म्हणजे ज्याच्या घरी दोन टेपरेकॉर्डर आणि एक वायर, तो प्रत्येक जण प्रकाशक. आमच्या आधीच्या खेळांच्या नकला बाजारभर झाल्या आणि आम्ही दोघी बहिणी बोटं मोडत बसलो. या वेळी मी आमच्या ‘नळवाला’ या नव्या खेळाची किंचाळी इतकी भरभर आणि दाटीवाटीची केली आहे की तिची नक्कल काढली की ती विस्कटते आणि ठेंगूला काही कळत नाही. मूळ कॅसेट मात्र आमच्या टेपरेकॉर्डरवर दर वेळी लागली.

ताई म्हणाली, "आपला टेपरेकॉर्डर तू रोज स्पिरिटने पुसतेस. लोक पुसतात का?"

"नाही पुसत तर पुसावा. दात नाही घासत?"

ती सकाळी शाळेत चित्रकला शिकवते आणि दुपारी आलेखाच्या कागदावर आमच्या खेळातली माणसं काढते. कागदावरची एक चौकट म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. नळवाल्याची टोपी तिच्या मनासारखी होईना, म्हणून आज ती पुन्हा खोडून काढत होती. मी म्हटलं, कॅसेटा छापायला गेल्या, आता टोपी कसली बदलतेस? म्हणाली, पुढच्या खेपेसाठी.

आई टीव्ही कधी मोकळा होणार म्हणून दारात येऊन उभी राहिली. या घरात टीव्हीवर पहिला हक्क ठेंगूचा, हे तिने अजून मान्य केलेलं नाही.

९ फेब्रुवारी

वितरकाकडे गेले होते. आमच्या कॅसेटा तो दुकानांना पुरवतो. त्याच्या टेबलावर नव्या यंत्राचं खोकं, आणि खोक्यावर हात ठेवून तो बोलत होता.

"मॅडम, ठेंगूचे दिवस भरले. आता याच्यावर या."

"ठेंगूला चोरांनी मारलंय. चोरी थांबवून दाखवते, मग त्याचे दिवस मोजा."

शेवटी एवढं ठरलं: ‘नळवाला’ नीट चालला, तर ठेंगूवरचा ‘लिफ्टमन’ तो घेईल. नाही चालला, तर ‘लिफ्टमन’ नव्या यंत्रावर, नाहीतर कुठेच नाही.

‘लिफ्टमन’ मी गेल्या वर्षापासून लिहिते आहे. एक म्हातारा लिफ्टमन, एक इमारत, आणि प्रत्येक मजल्यावर राहणाऱ्यांची वेगळी भानगड. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे. हे इथे लिहिते, बाहेर बोलले तर लोक हसतील. ते नव्या यंत्रावर का लिहायचं? ते यंत्र ज्यांच्या घरी येणार, त्यांच्याकडे खेळायला आधीच ढीग आहे. ठेंगू ज्यांच्या घरी आहे त्यांनी तो किती विचार करून आणला असेल, हे मला माहीत आहे. आम्हीही तसाच आणला होता. मी बँकेतली नोकरी काय नवी खोकी विकायला सोडली नाही.

२० फेब्रुवारी

‘नळवाला’ दुकानांत आला. मी मुद्दाम बाजारात कॅसेटवाल्याकडे गेले. त्याच्या टपरीत वर गाणी, मधे मूळ खेळ आणि फळीखाली नकला. माणूस लाजत नाही, हा त्याचा एक गुण.

"घ्या, काढा नक्कल," मी म्हटलं. त्याने माझ्यासमोर काढली, ठेंगूला लावली. ठेंगू ढिम्म. पुन्हा काढली. पुन्हा ढिम्म.

"बाई, काय केलंत काय तुम्ही?"

मी नुसती हसले. आज त्याला पाणी पाजलं. घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते.

४ मार्च

काही कॅसेटा परत आल्या. सगळ्यांचं एकच: खेळ लागत नाही. अर्थातच लागणार नाही. टेपरेकॉर्डरच्या फीत वाचणाऱ्या हेडवर वर्षानुवर्षांची घाण बसलेली, आणि दोष माझा. मी हेड कसं साफ करावं याचा कागद छापून घेतला आणि प्रत्येकाला पाठवला. शेवटी जाड अक्षरात लिहिलं, ‘दोष कॅसेटचा नाही.’

११ मार्च

आज एक बस कंडक्टर घरी आले. सोबत पिशवीत कॅसेट आणि आख्खा ठेंगू. त्यांची कॅसेट मी आमच्या टेपरेकॉर्डरवर लावली, लगेच लागली.

"बघा. दोष तुमच्या टेपरेकॉर्डरचा आहे."

ते शांतपणे म्हणाले, "मग बाई, तुमचा टेपरेकॉर्डरही खोक्यात घालून द्यायला हवा होतात."

ताई फिसकन हसली. मला राग आला. मी त्यांना स्पिरिटचं सगळं समजावलं, कागद दिला, वाटेला लावलं. ताई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली आणि तिथे बराच वेळ बोलत उभी राहिली. तिला कोणाशीही बोलायला लागतं.

१५ मार्च

कॅसेटवाल्याने निरोप पाठवून बोलावलं. कुलूप तुटलं.

कोणीतरी किंचाळीच्या आत शिरून माझं कुलूप काढून टाकलंय आणि खेळ साध्या कॅसेटवर उतरवलाय. खेळाच्या आधी एक चित्र येतं म्हणे: डोक्यावर कुलूप घेऊन चाललेला मुंगळा. सोबत संगीतही. कोण, कुठला, कोणालाच माहीत नाही. बाजारात त्याला मुंगळाच म्हणतात.

"दाखवू का? बघा तरी," कॅसेटवाला म्हणाला.

"असल्या घाणीला मी डोळे लावणार नाही."

"तुमची मर्जी. पण बाई, लागतो हो. पहिल्या फटक्यात लागतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन ‘लिफ्टमन’साठी याच्याहून भारी कुलूप आखायला घेतलं. हा मुंगळा कोण असेल तो असो, त्याच्या नाकावर टिच्चून ‘लिफ्टमन’ बाजारात आणीन.

२२ मार्च

कॅसेटा परत येणं थांबलं! म्हणजे माझ्या कागदाने काम केलं, लोक हेड पुसायला लागले. सांगितलं की माणसं सुधारतात, नुसतं खमकेपणाने सांगायला हवं.

तक्रारींचं सगळं आता ताईने अंगावर घेतलंय. "तू लिफ्टमन पुरा कर, पार्सलं मी बघते." ज्यांची कॅसेट बिघडली त्यांना ती बदलून देते. त्यासाठी सारखी पिशवी घेऊन बाजारात जाते, खोकी, दोरा, कागद आणायला. इतका दोरा लागतो कशाला कोण जाणे.

कंडक्टरांचं कार्ड आलं: ‘नवी कॅसेट उत्तम लागली. सुरुवातीचं चित्र आम्हा सगळ्यांना फार आवडलं.’ मी ते ताईला मोठ्याने वाचून दाखवलं. सुरुवातीचा नळवाला तिनेच काढलाय. कौतुक ऐकून माणूस खूश होतो, ही उठून स्वयंपाकघरात गेली.

२९ मार्च

आई ‘नळवाला’ खेळायला लागली आहे. टीव्ही मिळत नाही तर निदान हे तरी, म्हणाली. ताईने तिला वेगळी कॅसेट काढून दिलीय आणि ती दुपारी मी बाहेर गेले की बसते. आज मला विचारते कशी, "तो मुंगळा येतो तेव्हा वाजतं ते गाणं तू बसवलंस? छान आहे."

खेळात मुंगळा नाही. मी तिला समजावलं की तो नळवाला आहे, त्याच्या हातात पाना आहे. तर म्हणे, "मला कळत नाही होय?" डोळे तपासायला न्यायला हवं. ताईलाही सांगितलं की लांबून माणूस मुंगळ्यासारखा दिसतो, पुढच्या खेळात पाय जरा जाड काढ. ताई म्हणाली, बरं.

६ एप्रिल

पेपरात बातमी आहे. कारखान्याने ठेंगू बनवणं बंद केलं. मधल्या पानावर, एका गाद्यांच्या जाहिरातीखाली, चार ओळी.

वितरकाने दहा तारखेला बोलावलंय. बोलावू दे. ‘नळवाला’ विकला गेलाय, तक्रारी थांबल्यात, मी त्याच्यासमोर खेळ लावून दाखवणार. ताई म्हणाली, "लावून दाखवायची काय गरज आहे? तोंडी सांग." मी म्हटलं, तोंडी सांगणाऱ्यातली मी नाही.

१० एप्रिल

लिहायचं नव्हतं. लिहिते.

घाईत निघाले. कपाटातल्या वरच्या खणातल्या कॅसेटा संपल्या होत्या, म्हणून ताईच्या खालच्या खणातली एक उचलली. आमचंच खोकं, आमचंच वेष्टन. वितरकाच्या कचेरीत त्याच्या जुन्या, धुळीने भरलेल्या टेपरेकॉर्डरला लावली. मनात धाकधूक होती, पण पहिल्या फटक्यात लागली. मी मान ताठ करून त्याच्याकडे बघितलं.

पडद्यावर मुंगळा आला. डोक्यावर माझं कुलूप, मागे संगीत. आई म्हणाली तसं, छान आहे.

वितरक खुर्चीतून वाकून हसला. त्याने आतल्या लोकांना हाका मारून बोलावलं. "मॅडम, तुम्ही चोरांना अडवत होतात ना? तुम्हीच चोरांचा माल विकताय!" कोणीतरी मला पाणी आणून दिलं. डोळे पुसत त्याने सांगितलं की ठेंगूचा एकही नवा खेळ तो आता घेणार नाही, कोणाचाच नाही. ‘लिफ्टमन’ नव्या यंत्रावर दिलात तर आनंदाने घेईन, यंत्र मी पाठवतो. माणूस दुष्ट नाही. तेच जास्त लागलं.

घरी आले. ताई चौकटी भरत बसली होती. मी कॅसेट तिच्या कागदावर ठेवली.

"हो, मीच," ती म्हणाली. "कॅसेटवाल्याकडून आणते आणि आपल्या खोक्यात घालून पाठवते."

"आपल्याच खेळाच्या चोरीच्या नकला? आपल्याच गिऱ्हाइकांना?"

"त्यांनी विश्वासाने आपला खेळ नेला आणि तो लागत नव्हता. फाटकापाशी ते कंडक्टर काय म्हणाले माहितीय? म्हणाले, स्पिरिटने तीनदा पुसलं हो, बाईंना सांगवलं नाही. मी काय करायला हवं होतं? तुझा कागद पाठवायचा?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. तू दात घासायला सांगितलेस." मग ती आवाज न चढवता म्हणाली, "ती टोपी मी किती वेळा खोडली ते बघितलंस ना? ती कोणाला दिसायलाच नको होती का? तुला चोर अडवायचे होते. मला माझी चित्रं लोकांना दाखवायची होती."

मला तिचा भयंकर राग आलाय. आईने मधे पडायचा प्रयत्न केला, "मी म्हटलं होतं मुंगळा आहे." तिच्यावरही राग आलाय.

१२ एप्रिल

ताईशी बोलत नाही. ती माझ्याशी बोलते, मी मान हलवते.

शेजारणीकडून टेपरेकॉर्डर मागून आणला. मूळ ‘नळवाला’ लावला, लागला नाही. पुसला, तरी नाही. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचा आणला. त्यावरही नाही. माझं कुलूप एकदम पक्कं आहे. फक्त ते चोरांना अडवायचं सोडून विकत घेणाऱ्यांना बाहेर ठेवत होतं, आणि ज्याच्यासाठी लावलं तो मुंगळा गाणं म्हणत आत गेला.

मग मुंगळ्याची कॅसेट उघडून तपासली. स्वच्छ काम. कुठे ओरखडा नाही. आणि तळघरातल्या मोठ्या नळापाशी नळवाला कधी कधी अडकून बसायचा, तेही त्याने दुरुस्त केलंय. हा दोष मला माहीत होता, वेळ मिळाला नव्हता एवढंच.

नाही, खोटं कशाला लिहू. माहीत नव्हता.

१८ एप्रिल

वितरकाने नवं यंत्र पाठवलं. आमच्या बाहेरच्या खोलीत ते खोकं पाहुण्यासारखं बसलंय. दुपारी न राहवून उघडलं, चालू केलं. सुंदर आहे. रंग असे की ताई कामं टाकून बघत राहिली. मला वाटलं आता ती म्हणेल, चल, याच्यावर करू. मी भांडायच्या तयारीत होते.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पण माझ्या शाळेतल्या एकीच्याही घरी नाही."

दहा तारखेनंतर आज तिच्याशी पहिल्यांदा नीट बोलले. ‘ठेंगू बंद झाला’ म्हणजे काय? कारखान्याने बनवायचा बंद केला. घराघरांत आहेत ते काय वितळून गेले? खेळायला बसणारी माणसं तिथेच आहेत. फक्त त्यांच्यापर्यंत आमची कॅसेट नेणारं कोणी उरलं नाही.

"कोणीच?" ताई म्हणाली.

ती काय सुचवते आहे ते मला कळलं. मी म्हटलं, मरेन पण त्या टपरीवर जाणार नाही.

५ मे

‘लिफ्टमन’ पुरा झाला. दहा मजले. ठेंगूच्या पोटात आता तीळ ठेवायला जागा नाही. शेवटच्या मजल्यावर दार बंद व्हायचा आवाज बसवण्यासाठी मला दोन दिवस खेळाचा कोड पिळून काढावा लागला. नवं भारी कुलूप कागदावर तयार आहे. बसवलं तर एक मजला पाडावा लागेल.

मी कागद फाडला. मजला राहू दिला.

८ मे

गेले. मेले नाही.

मी आणि ताई, दोघी. टपरीवर कॅसेट ठेवली. कॅसेटवाला त्या कॅसेटकडे बघतच राहिला.

"याला कुलूप नाही," मी म्हटलं. "हव्या तेवढ्या नकला काढा. इतर गावच्या टपऱ्यांना द्या. सुरुवातीला आमची दोघींची नावं आहेत, ती काढायची नाहीत. एवढीच अट."

"बाई, बरं आहे ना तुमचं?"

"ठणठणीत आहे."

"मग तुम्हाला यातून काय मिळणार?"

"ते आमचं आम्ही बघू." बघितलंच आहे. पुढच्या महिन्यापासून मी कॉलेजच्या मुलींना गणित शिकवणार. आवडत नाही, पण येतं.

खेळ सुरू झाला की नावांच्या खाली लिहिलंय: ‘नक्कल काढा. दुसऱ्याला द्या. नावं राहू द्या.’ ताईने ती अक्षरं लिफ्टच्या दारावरच्या पाटीसारखी रंगवली. कॅसेटवाल्याने ती दोनदा वाचली आणि पहिल्यांदाच मला तो थोडा लाजलेला दिसला.

२३ मे

वितरकाचा फोन. चिडला होता. "मॅडम, फुकट वाटून तुम्ही बाजार बिघडवताय."

मी म्हटलं, "कुठला बाजार? तुम्ही बंद केलात तो?"

नवं यंत्र आजच परत पाठवलं. खोक्याला दोरा ताईने बांधला.

२६ जून

काहीच कळत नाही. कुलूप होतं तेव्हा निदान शिव्या तरी यायच्या. आता कॅसेट परत येत नाही, कार्ड येत नाही, फोन येत नाही. कॅसेटवाला म्हणतो, जातात बाई, जातात. कुठे जातात? वर्षभराचं काम मी विहिरीत तर टाकलं नाही? गणिताच्या वर्गात आज एका मुलीने विचारलं, तुम्ही आधी काय करायचात. म्हटलं, लिफ्ट चालवायचे. वर्ग हसला.

ताईला हे सांगितलेलं नाही. ती नवीन आलेखाचे कागद घेऊन आली आहे. कशासाठी, ते तिलाही विचारलेलं नाही.

१७ जुलै

बसमध्ये ते कंडक्टर भेटले. तिकीट फाडता फाडता वाकून हळूच म्हणाले, "बाई, सातव्या मजल्यावरची म्हातारी लिफ्टमधून उतरतच नाही. घरात सगळे अडकलोय."

"तिची छत्री पाचव्यावर राहिलीय."

ते कपाळावर हात मारून पुढे गेले. मागून कोणीतरी म्हणालं, "पाचव्यावर कुठे?" ओळखीचं नव्हतं ते. मी खिडकीबाहेर बघत बसले. डोळे भरून आले होते, आणि मला ते भर बसमध्ये कोणाला दाखवायचे नव्हते.

२१ ऑगस्ट

कॅसेटवाला आज स्वतः घरी आला. हातात एक कॅसेट. कुठल्यातरी लांबच्या गावाहून फिरत फिरत त्याच्याकडे आली म्हणे. वेष्टन नाही, वर पेन्सिलने ‘लिफ्टमन’. "हे बघाच," म्हणाला, आणि चहालाही थांबला नाही.

लावली. आवाज किती तरी नकलांमधून आल्यासारखा घोगरा, तरी लागली. आमची नावं आली, जशीच्या तशी. शेजारी मुंगळा. डोक्यावर काही नाही, नुसता उभा. आई खुर्ची पुढे ओढून बसली.

मी दहावा मजला पुरा केला. तिथे खेळ संपतो. संपला नाही. लिफ्ट आणखी वर गेली. अकरावा मजला. लिफ्टचं यंत्रघर: मोठं चाक, दोर, तेलाचे डबे. म्हाताऱ्या लिफ्टमनला ते चाक पहिल्यांदाच दिसतं आणि तो टोपी काढून बघत उभा राहतो.

मला यंत्रघर सुचलं नव्हतं. लिफ्टवर वर्षभर लिहिलं आणि लिफ्ट कशाने चालते ते दाखवायचं राहिलं. आणि जागा कुठून आणली त्याने? आत शिरून बघितलं. दार बंद व्हायच्या ज्या आवाजासाठी मी दोन दिवस घातले, तोच त्याने अर्ध्या जागेत बसवलाय. आवाज पूर्वीपेक्षा बरा आहे. मी त्याला मोठ्याने शिवी दिली. आई म्हणाली, हळू.

मग एक गोष्ट सापडली. लिफ्टमध्ये लिफ्टमनशिवाय आणखी कोणी असताना अकराव्यावर गेलं की दार उघडंच राहतं आणि खेळ कोसळतो. चुकला. मुंगळाही चुकला. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं, दर वेळी कोसळला, आणि दर वेळी मला जास्तच आनंद झाला.

"चाकाचे रंग चुकलेत," ताई म्हणाली. तिने आलेखाचा कागद पुढे ओढला होता. "याचं दार तू दुरुस्त कर, चाक मी करते. आणि कॅसेटवाल्याकडे परत द्यायची ना?"

"द्यायची. पण अशी नाही. बारावा मजला बांधून."

"जागा आहे का?"

"त्याने काढली, मी नाही काढणार?" मी म्हटलं, आणि आईला टीव्ही आज मिळणार नाही असं सांगितलं.